जनुक सापडलं, पण ते प्लाझ्मिडवर आहे का?

रुग्णाच्या नमुन्यातल्या जीवाणूत प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक सापडलं की अहवालात त्याचं नाव लागतं. ते जनुक नेमकं कुठे आहे, हे मात्र अनेकदा कळतच नाही. गुणसूत्रावर असेल तर ते मुख्यतः त्या जीवाणूच्या वंशातच राहतं. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राहून वेगळा, बहुधा वर्तुळाकार आणि स्वतंत्रपणे आपली प्रत काढणारा डीएनए. जनुक त्यावर असेल तर ते दुसऱ्या प्रजातीच्या जीवाणूतही जाऊ शकतं. साथीचा माग काढताना याहून महत्त्वाचा प्रश्न नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘प्लाझ्मिड’ ही संज्ञा जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये सुचवली. तिचं वैद्यकीय गांभीर्य जपानमध्ये उघड झालं. युद्धानंतर तिथे आमांशाचे रुग्ण खूप होते आणि पन्नाशीच्या दशकात शिगेला जीवाणूचे असे प्रकार आढळू लागले, ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधं चालेनात. एकामागून एक चार उत्परिवर्तनं होऊन हे घडलं म्हणावं, तर एकाच साथीत औषधाला बळी पडणारे आणि चारही औषधं पचवणारे शिगेला शेजारी शेजारी सापडत होते. १९५९ मध्ये ओचियाई आणि आकिबा यांच्या गटांनी दाखवलं की रोधक्षमता ई. कोलायकडून शिगेलाकडे नुसत्या संपर्कातून जाते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सारं संशोधन इंग्रजीत मांडलं आणि जगाचं लक्ष गेलं. प्लाझ्मिड डोळ्यांना दिसत नव्हता, तो वागणुकीवरून ओळखला जाई. गुणधर्म संपर्काने पसरतो का, आणि अ‍ॅक्रिडीन रंगद्रव्यांच्या प्रक्रियेनंतर नाहीसा होतो का, या त्या काळच्या मोठ्या खुणा.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात नाओमी दत्ता यांनी साल्मोनेलाच्या साथीत हाच प्रकार पाहिला आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सहकारी हेजेस यांच्यासोबत त्यांनी प्लाझ्मिडचे गट पाडले. प्रत काढण्याची यंत्रणा सारखी असलेले दोन प्लाझ्मिड एका पेशीत फार काळ एकत्र टिकत नाहीत, हा त्यामागचा आधार. दत्तांचं १९८३ चं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. मरे या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले जीवाणू त्यांनी ह्यूज यांच्यासोबत तपासले. जवळपास चौथ्या हिश्श्यात संक्रमणक्षम, म्हणजे संपर्कातून दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकणारे, प्लाझ्मिड होते, रोधक्षमतेची जनुकं मात्र जवळजवळ नव्हती. म्हणजे वाहनं आधीपासूनच होती, माल नंतर चढला.

दरम्यान प्लाझ्मिड वेगळा काढून जेलवर पाहता येऊ लागला. बर्नबोइम आणि डॉली यांची १९७९ ची अल्कली पद्धत आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. २००५ मध्ये रोमच्या आलेस्सांद्रा काराटोली यांनी दत्तांच्या गटांना पीसीआरच्या कक्षेत आणलं आणि २०१४ मध्ये प्लाझ्मिडफाइंडर हे साधन आलं. संपूर्ण जीनोमच्या क्रमातून ते प्रत काढणाऱ्या भागाच्या खुणा शोधतं.

एवढ्याने प्रश्न सुटायला हवा होता. पण स्वस्त सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएचा क्रम वाचताना, तो शे-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचला जातो (या तुकड्यांना वाचनं म्हणतात) आणि त्यांची जुळणी नेमकी सारख्या क्रमाच्या पुनरावृत्तीपाशी तुटते. रोधक्षमतेच्या जनुकांभोवती तर आयएस२६ सारखे उड्या मारणारे घटक वारंवार येतात. परिणामी प्लाझ्मिडची खूण एका काँटिगवर, म्हणजे जुळवलेल्या सलग तुकड्यावर, मिळते, जनुक दुसऱ्यावर, आणि दोघांचा संबंध सांगणारा पुरावा हाती नसतो. २०१६ च्या प्लाझ्मिडस्पेड्स या जुळणीच्या संगणकीय साधनाने प्रतींच्या संख्येचा आधार घेतला, कारण प्लाझ्मिडच्या प्रती जास्त असल्या तर वाचनंही जास्त मिळतात. छोट्या प्लाझ्मिडना हे लागू पडतं. पण रोधक्षमता वाहणारे मोठे प्लाझ्मिड बहुधा पेशीत एक-दोनच असतात, त्यामुळे ते गुणसूत्रात मिसळून जातात.

जागा कळल्याने काय बदलतं, हे २०१५ मध्ये चीनमधून आलेल्या एमसीआर-१ या जनुकाच्या बातमीने दाखवलं. ते कोलिस्टिन या अखेरच्या उपायाच्या प्रतिजैविकाला रोधक्षमता देतं. ही रोधक्षमता आधीही माहीत होती, पण ती गुणसूत्रातल्या बदलांमुळे येते असं मानलं जाई. जनुक प्लाझ्मिडवर सापडताच चिंता वाढली आणि अनेक देशांनी आपले साठवलेले जीवाणू पुन्हा तपासले.

नॅनोपोर आणि पॅकबायो या तंत्रांच्या लांब वाचनांमुळे आता पूर्ण वर्तुळं जुळतात. मात्र नमुना तयार करताना लहान तुकडे गाळले गेले तर काही हजार अक्षरांचे छोटे प्लाझ्मिड निसटतात. म्हणून लांब आणि आखूड अशी दोन्ही वाचनं एकत्र घेऊन जुळणी करणं आजही शहाणपणाचं ठरतं.