पार्श्वभूमी : कागदावरचं घड्याळ आणि मराठवाड्यातले आजी-आजोबा

विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, की तपासणीत बऱ्याचदा कोरा कागद आणि पेन पुढे येतं. ‘गोल काढा, त्यात घड्याळाचे आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ सोबत आलेल्या लेकाला-सुनेला वाटतं, हे काय पहिलीतल्या पोराला दिल्यासारखं काम! पण या कामामागे शंभर वर्षांचा अभ्यास आहे. मराठवाड्यात ही चाचणी वापरताना तो माहीत असायला हवा, नाहीतर भलत्याच माणसावर ‘डिमेन्शिया’चा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा, शिक्का बसतो.

सुरुवात झाली ती जखमी सैनिकांपासून. पहिल्या महायुद्धात डोक्याला मार लागून वाचा गेलेल्या सैनिकांना ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ हेन्री हेड तपासत होते. सांगितलेल्या वेळेवर घड्याळाचे काटे लावणं, चित्र काढणं अशी कामं ते त्यांना देत. हा सगळा अभ्यास 1926 मध्ये ग्रंथरूपात आला. मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला, म्हणजे पॅरायटल लोबला इजा झाली की माणसाचा जागेचा अंदाज बिघडतो, हे पुढच्या दशकांत अधिक स्पष्ट झालं. असा माणूस कधी बाराही आकडे गोलाच्या एकाच बाजूला कोंबतो, दुसरी बाजू कोरीच राहते.

‘अकरा वाजून दहा’ ही वेळ बॉस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञ एडिथ कॅप्लन आणि हॅरोल्ड गुडग्लास यांच्या चाचण्यांमधून रूढ झाली. ‘दहा मिनिटं’ दाखवायला मोठा काटा 2 वर न्यावा लागतो. पण ‘दहा’ ऐकताच हात 10 च्या आकड्याकडे ओढला जातो. ही ओढ थोपवून, मनात हिशेब करून, काटा 2 वर ठेवणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. तो भाग थकला असेल, तर दोन्ही काटे शेजारी शेजारी 10 आणि 11 वर जाऊन बसतात. एका साध्या वेळेत एवढी पारख दडवली आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

चित्राची दुसरी परंपरा नक्कल करण्याची. लॉरेटा बेंडर यांनी 1938 मध्ये आकृत्या पाहून काढण्याची चाचणी मांडली. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन 1975 मध्ये फोल्स्टीन यांच्या, स्मरण आणि भान तपासणाऱ्या तीस गुणांच्या प्रसिद्ध चाचणीत आले आणि जगभर पसरले. डिमेन्शियाची शंका घ्यावी अशी म्हातारी माणसं निवडून काढण्यासाठी घड्याळाकडे ठळकपणे लक्ष वेधलं ते टोरांटोच्या केनेथ शुलमन आणि सहकाऱ्यांनी, 1986 मध्ये. मग गुण देण्याच्या डझनाहून अधिक पद्धती निघाल्या. 2000 साली सू बोर्सन यांनी तीन शब्द लक्षात ठेवणं आणि घड्याळ काढणं एवढ्यावर ‘मिनी-कॉग’ नावाची छोटी चाचणी उभी केली. तीन शब्दांचे तीन आणि घड्याळाचे दोन, असे पाच गुण. तीनाच्या खाली आले तर पुढची तपासणी करायची. इथे ‘पुढची तपासणी’ महत्त्वाची. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, यांनीही माणूस गोंधळतो, आणि यातलं बरंच काही उपचारांनी सुधारतं.

या सगळ्या चाचण्या शाळेत गेलेल्या लोकांमध्ये घडल्या. आता मराठवाड्याकडे पाहा. आज ऐंशीच्या घरात असलेली माणसं 1945 च्या आसपास जन्मली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 ला तो मुक्त झाला. शाळा मोजक्या, वरचं शिक्षण उर्दूतून, मुलींना तर शाळेची वाटच नाही. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये सुरू झालं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये. तोवर आजच्या कितीतरी आज्यांची शाळेची वयं खुरपणीत आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यात सरत होती.

अशा आजीच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा पेन द्यायचं आणि घड्याळ काढायला सांगायचं! ती ठिपके जुळवून रांगोळी बिनचूक घालते, वाकळ शिवते, दोनशे माणसांच्या पंगतीचा अंदाज चुकत नाही. तिचा कागद कोरा राहिला, तर तो तिच्या न झालेल्या शाळेचा पुरावा आहे. त्यात मोतीबिंदू असेल तर विचारूच नका.

या अडचणीवर काम झालं आहे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बनवली. ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच प्रकल्पातून घरच्यांना विचारायची प्रश्नावली आली: जेवण नुकतंच झालंय हे विसरतात का, गावात वाट चुकतात का, सणवार लक्षात राहतात का. नायजेरियात इबादानच्या संशोधकांनी 2005 मध्ये पेन बाजूलाच ठेवलं आणि काड्यापेटीतल्या काड्या मांडून आकृती जुळवायला सांगितली. माझ्या मते आपल्या वाडी-तांड्यांवर घरच्यांशी बोलणं आणि या काड्या, दोन्ही घड्याळाच्या आधी यायला हवं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. घरात मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो आणि दवाखाना गाठायला वर्षं जातात. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, साक्षर आणि निरक्षर अशा दोघांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पाचांत मराठी नव्हती. मराठीत, शिक्षणानुसार वेगळे गुण ठरवलेला, खेड्यातल्या न शिकलेल्या बायकांवर तपासून घेतलेला संच गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या हाती येईपर्यंत, निदान केसपेपरवर घड्याळाच्या गुणांशेजारी ‘शाळा किती’ आणि ‘डोळ्यांना दिसतं का’ एवढं तरी लिहिलं जावं.