एकाच इंजिनाचं विमान: इंजिन बंद पडणं आणि स्टॉल

ठाणे-नवी मुंबईतली बरीच मुलं हल्ली कमर्शियल पायलट लायसन्सच्या मागे असतात. उड्डाणासाठी ती बारामती, धुळे, गोंदिया अशी पांगतात. थिअरीच्या पेपरांपुरती आमच्या वाशीच्या क्लासला येतात. प्रवेशाआधी आईबाप भेटायला येतात आणि फीचं बोलून झालं की एक प्रश्न ठरलेला असतो: "त्या सेसनाला एकच इंजिन असतं ना? मग ते वर बंद पडलं तर?" स्टॉलबद्दल (पंखावरची हवा सुटून उचल एकदम घटणं) कोणी विचारत नाही. ज्यांनी ऐकलेलं असतं ते त्याला याच प्रश्नात मिसळून टाकतात: इंजिन बंद पडलं, विमान स्टॉल झालं, खाली आलं. बातम्यांतही दोन्ही असंच एका वाक्यात येतं.

भीतीचा हा क्रम मला उलटा वाटतो. इंजिन बंद पडणं ऐकायला भयंकर आहे, पण छोट्या विमानांत जीव जास्त घेतो तो स्टॉल, आणि तोही बहुतेकदा इंजिन ठणठणीत चालू असताना.

आधी इंजिनाचं घेऊ. विमानाला वर धरून ठेवतो तो पंख. इंजिन पुढे ओढत राहतं, म्हणून पंखावरून हवा वाहती राहते. ओढणारं थांबलं तर पायलट नाक थोडं खाली करतो आणि उंची खर्च करून वेग टिकवतो, गायमुखच्या उताराला गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळते तसं. सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानासाठी हा वेग ६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर. वारा नसेल तर दर हजार फूट उंचीमागे विमान पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. ठाणे स्टेशनच्या वर तीन हजार फुटांवर इंजिन गेलं असं समजा. ऐरोली सहज मागे पडेल, रबाळेही पडेल, घणसोलीच्या आसपास चाकं टेकतील. हातात चारेक मिनिटं असतात. (हे हिशोबापुरतं. एकतर शिकाऊ विमानाला मुंबईच्या आकाशात कोणी असं भटकू देणार नाही, आणि ट्रान्स हार्बर लोकलच्या दुतर्फा उतरायला मोकळं रान उरलंय कुठे?)

त्या चार मिनिटांत करायची कामं ठरलेली असतात आणि ती पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, आधीच मुलांकडून घोटून घेतात. वेग ६० वर बसवायचा. शेत हेरायचं, वाऱ्याची दिशा बघायची, विजेच्या तारा कुठून गेल्यात ते शोधायचं. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. मग इंधनाचा कॉक, मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) एकेक तपासून इंजिन परत पकडतंय का पाहायचं. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक. इन्स्ट्रक्टर तर चालू उड्डाणात अचानक थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढतो आणि विचारतो, "बोल, कुठे उतरणार?"

बरं, इंजिन बंद पडतं कशाने? आईबापांचा संशय जुन्या मशीनवर असतो. सेसना १५२ चं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं, म्हणजे त्यातलं सगळ्यात नवं विमानही चाळिशी गाठलेलं. पण ही इंजिनं मुद्दाम साधी आणि दणकट ठेवलेली असतात. ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक बाजू गेली तरी दुसरीवर इंजिन चालतं. नेहमीचे गुन्हेगार त्यामानाने अगदीच घरगुती निघतात. इंधन संपलेलं असतं, किंवा टाकीत असूनही इंजिनापर्यंत पोचत नसतं, किंवा त्यात पाणी उतरलेलं असतं. पाणी जड, टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून उड्डाणाआधी खालच्या झडपेतून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून बघतात. काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत पट्टी बुडवून मोजणं हाही त्यातलाच रोजचा रिवाज.

आणि एक कारण खास आपल्या कोकणपट्टीसारख्या हवेचं आहे: कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. पंचवीस अंशांच्या उकाड्यात बर्फ कुठून, असं मुलं हसून विचारतात. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते तेव्हा तिचा दाब पडतो, त्यात पेट्रोलची वाफ होताना उष्णता खेचली जाते, आणि आतलं तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं. हवा कोरडी असेल तर बिघडत नाही. खाडीकाठासारखी दमट असली की ओलावा गळ्यातच गोठतो. हे चोरपावलांनी होतं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरतात, विद्यार्थी थ्रॉटल थोडा पुढे सरकवतो, परत उतरतात. उपाय सोपा, कार्ब हीटची खटकी ओढायची. पण गरम हवा आत गेली की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि ते आधी आणखी खोकतं. घाबरून त्या क्षणी खटकी परत आत ढकलली की झालंच. तपास करणाऱ्यांनाही हा बर्फ सापडत नाही. ते अवशेषांपाशी पोचेपर्यंत तो विरघळून गेलेला असतो.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकट्याने उडणाऱ्या प्रशिक्षणार्थीचं सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात उतरलं. शक्ती कमी पडल्यामुळे, अशी प्राथमिक माहिती होती. विमानाची वाट लागली, आतल्या मुलीला किरकोळ दुखापत झाली. एकच इंजिन असलेल्या विमानाची कहाणी अशी संपू शकते, हे मी पालकांना आवर्जून सांगतो.

आता स्टॉल. हा पंखाचा होतो, इंजिनाचा नाही. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन वाढत वाढत साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की पंखाच्या पाठीला धरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम घटते. तो कोन वाढवतो कोण? योक (विमानाचं स्टिअरिंग; मागे ओढलं की नाक वर, पुढे ढकललं की खाली) मागे ओढणारा हात. पुस्तकात स्टॉलचा वेग छापलेला असतो, त्यामुळे मुलांना वाटतं की त्याच्या वर असलो की आपण सुखरूप. तो आकडा सरळ, समतल उड्डाणाचा. ४८ नॉटला स्टॉल होणारं विमान ४५ अंश कलून उंची राखत वळवलं तर ५७ नॉटला होईल, ६० अंशांत ६८ ला. इंजिन पूर्ण जोरात गर्जत असलं तरी स्टॉल टळत नाही.

विमान सूचना देतं. सेसना १५२ च्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन वाढला की तिथली हवा उलट शोषली जाते आणि आत पिपाणी रडल्यासारखा आवाज येतो. वीज लागत नाही त्याला. स्टॉलच्या पाच-दहा नॉट आधीपासून तो ऐकू यायला लागतो. मग विमान थरथरतं, नाक पडतं. सुटका एकाच गोष्टीत आहे: योक पुढे, कोन कमी. पॉवर त्यानंतर. तीन-चार हजार फुटांवर इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असताना हे दहा वेळा केलं तर जमतं, जातात ते काहीशे फूट. जमीन समोर फुगत चाललेली असताना योक पुढे ढकलणं मात्र सगळ्या शरीराच्या विरुद्ध जातं.

आणि जीवघेणा स्टॉल नेमका तिथेच गाठतो, उतरताना रनवेकडे घ्यायच्या शेवटच्या वळणावर. मागून वारा लागला, वळण लांबलं, रनवेची रेघ ओलांडली गेली. जास्त कलायला विद्यार्थी बिचकतो, कारण खाली पाचशे फूटसुद्धा नाहीत. मग तो पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक आत ढकलायला बघतो. नाक खाली झुकतं, म्हणून हात योक मागे ओढतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या अंगावर उलटतं आणि गिरक्या घेत खाली येतं. त्याला स्पिन म्हणतात, आणि त्यातून बाहेर यायला लागणारी उंची तिथे शिल्लक नसते. यात बिघडलेलं काहीच नसतं. इंजिन चालू, इंधन भरलेलं, आकाश स्वच्छ.

मोठ्या विमानांतही हा फरक तसाच राहतो, आणि २००९ या एका वर्षात तो इतका ठळक दिसला की मी वर्गात तेच वर्ष फळ्यावर लिहितो. १५ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून एअरबसच्या दोन्ही इंजिनांचा जोर गेला. विमान हडसन नदीत उतरवलं, सगळे १५५ वाचले. १२ फेब्रुवारीला त्याच राज्यात बफेलोजवळ कोल्गन एअरच्या विमानात स्टॉलची सूचना वाजली, कॅप्टनने कॉलम (मोठ्या विमानातला योक) मागे ओढला आणि ५० जण गेले. १ जूनला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर सुमारे ३८ हजार फुटांवरून स्टॉलमध्येच खाली आलं, २२८ मृत्यू. या शेवटच्या दोन्ही विमानांची इंजिनं चालू होती.

प्रशिक्षण विमानांच्या इतिहासात याचं बोलकं उदाहरण म्हणजे पायपरचं टॉमाहॉक. १९७८ ते १९८२ एवढंच ते बनलं. सेसना १५२ फार समजूतदार आहे, शिकाऊंना स्टॉल-स्पिन खऱ्या अर्थाने कळत नाही, अशी तेव्हा तक्रार होती. म्हणून पायपरने मुद्दाम स्पष्ट स्टॉल होणारं विमान काढलं. उड्डाणाच्या तासांमागे टॉमाहॉकचे एकूण अपघात सेसना १५०-१५२ पेक्षा कमी निघाले, पण स्पिनमध्ये माणसं मेलेल्या अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. १९८३ मध्ये स्टॉल आटोक्यात राहावा म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला आणखी दोन पट्ट्या बसवण्याची सक्ती झाली. "कुठलं विमान सेफ?" असं कोणी विचारलं की मला हेच आठवतं. कमी वेळा पडणारं की पडलं तरी माणूस उठून बसणारं, हे आधी ठरवावं लागतं.

दोन्ही गोष्टी एकमेकींत शिरतात ती जागा टेक-ऑफनंतरची. तीनशे-चारशे फुटांवर इंजिन गेलं. मागे रनवे आहे, तोही ओळखीचा. वळून परत जावंसं वाटणारच. पण वळण दोनशे अंशांहून अधिक लागतं, वेग आधीच कमी असतो, पायलट घाईत जास्त कलतो आणि पोचत नाही असं दिसलं की योक ओढतो. साधं फोर्स्ड लँडिंग असतं त्याचा स्टॉल होतो. म्हणून शिकवण अशी: समोर, डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे काही दिसेल तिथे पंख समतल ठेवून उतर. झुडपं असली तरी चालतील.

इंजिनाचं भय अगदीच खोटं आहे असं मात्र नाही. उंचीच मिळाली नाही तर पंख तरी काय करणार? १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांचं इंधन टेक-ऑफनंतर काही सेकंदांत तोडलं गेल्याचं प्राथमिक अहवालात आलं. समोर वस्ती होती आणि २६० माणसं गेली.

छोट्या विमानाच्या अपघाताचा फोटो आला तर अहवालाआधीही थोडा अंदाज बांधता येतो. शेतात लांब घसरल्याची रेघ, मोडलेलं पुढचं चाक, पंख साधारण जागच्या जागी, म्हणजे कोणीतरी ते शेवटपर्यंत चालवत आणलंय. रेघच नाही, नाक जमिनीत रुतलंय आणि सगळं एवढ्याशा जागेत गोळा झालंय, म्हणजे स्टॉल किंवा स्पिनचा संशय. मग प्रोपेलर बघायचा. जोर असताना जमिनीला लागला तर दोन्ही पाती पिळवटलेली असतात, टोकं वळलेली; इंजिन थांबलेलं असेल तर बहुतेकदा एक पातं मागे वाकलेलं आणि दुसरं जवळजवळ सरळ.