सूर्य आणि हवामान बदल : नक्की माहीत किती?

हवामानाला लागणारी जवळपास सगळी ऊर्जा सूर्याची, यात वाद नाहीच. वाद आहे तो सूर्य थोडा कमीजास्त झाला तर हवामान किती हलतं यावर. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात-घटतात, त्यासोबत वातावरणाच्या माथ्यावर पोचणाऱ्या दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जेत जेमतेम १ वॅटचा फरक पडतो, आणि जगाचं सरासरी तापमान त्यानं ०.१ अंशाच्या आसपास हलतं.

खरा घोळ मोजणीत आहे. सॅटेलाइटवरून सलग मोजणी १९७८ पासूनची, त्यात जुनी यंत्रं १३६६ च्या आसपास आकडा दाखवायची, २००३ मध्ये गेलेल्या सॅटेलाइटवरच्या यंत्रानं १३६१ दाखवला, आणि जुन्या यंत्रांत आजूबाजूचा उजेड शिरत होता हे नंतर कळलं. म्हणजे यंत्रायंत्रांतला फरकच अख्ख्या चक्राच्या पाचपट! त्यामुळं वेगवेगळ्या सॅटेलाइटचा डेटा जोडायचा कसा यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. १६४५ ते १७१५ मध्ये डाग जवळजवळ गायबच होते, युरोपात थंडीही होती, पण थंडी त्याआधीच सुरू झालेली नि ज्वालामुखींचाही हात होता, त्यामुळं सूर्याचा वाटा वेगळा काढणं अवघड.

"सूर्यच तापलाय, माणसाचा काय दोष" असं मात्र यातून निघत नाही. गेल्या काही दशकांत सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही, तापमान वाढलंय. शिवाय सूर्यामुळं असतं तर स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही, तापला असता, तो थंड होतोय. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळं ढग बनतात नि सूर्य त्या किरणांना कमीजास्त अडवतो, ही थिअरी युरोपातल्या सर्न या संशोधन केंद्रात तपासली जातेय, पण मोठा परिणाम दिसलेला नाही. अतिनील किरणांमुळं वरच्या वाऱ्यांवर होणारा परिणाम जास्त पटण्यासारखा आहे.

आपल्याकडं ही चर्चा जुनी आहे. माण-खटावसह दख्खन होरपळवणाऱ्या १८७६-७८ च्या दुष्काळानंतर डाग आणि पावसाचा संबंध शोधायचा विचार जोरात होता, १८९९ ला कोडाईकनालची सूर्यवेधशाळा उभी राहिली त्यामागं हाही हेतू होता. पुढं भारतीय हवामान खात्याचा प्रमुख गिल्बर्ट वॉकरनं आकडे तपासले तर संबंध फिकाच निघाला, नि तो प्रशांत महासागराकडं वळला. सांगलीचे महापूर घ्या की, २००५ ला डाग उतरणीला, २०१९ ला पार तळाला, २०२१ ला परत चढणीला, आणि कृष्णा तिन्ही वेळा गावात शिरली.