संध्याप्रकाशातील वेगवान हालचालींचे छायाचित्रण

सूर्य मावळताना, मावळल्यावर किंवा मैदानावरच्या दिव्यांच्या उजेडात धावणाऱ्या, झेपावणाऱ्या, पडणाऱ्या माणसांची, प्राण्यांची व वाहनांची छायाचित्रे घेण्याची पद्धत. खेळ, सण, मिरवणुका आणि वृत्तछायाचित्रणात तिची नेहमी गरज पडते. वेग गोठवायचा तर शटर (प्रकाश आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) क्षणभरच उघडावे लागते आणि उजेड कमी असला की तेच शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. काय सोडून द्यायचे हे वेळेवर ठरवणे, हेच इथले खरे कसब आहे.

भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो. निरभ्र दिवशी सूर्य क्षितिजाला टेकताना तो ४०० लक्सच्या आसपास येतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपला, की जेमतेम ३-४ लक्स उरतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्यास्तापासून तिथवर फक्त २२ ते २४ मिनिटे लागतात. लंडनमध्ये जूनमध्ये हाच काळ पाऊण तासाच्या आसपास असतो, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांतले सांजवेळेचे आडाखे इथे चालत नाहीत. आपल्याकडे तिन्हीसांजेला सरासरी दर सव्वातीन मिनिटांनी प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप उतरतो. सुरुवातीला घट सावकाश असते, पुढे झपाट्याने होते. डोळा अंधाराशी जुळवून घेत असल्याने ती जाणवत नाही आणि दहा मिनिटांपूर्वी नीट जुळवलेला कॅमेरा काळपट चित्रे देऊ लागतो.

हातात तीनच गोष्टी असतात: अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र), शटर आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे याचा आकडा). अॅपर्चर सहसा आधी पूर्ण उघडले जाते. छिद्राचे माप ‘एफ’ आकड्याने सांगतात आणि आकडा लहान तितके छिद्र मोठे. एफ ४ ऐवजी एफ २.८ वापरले की दुप्पट प्रकाश आत येतो, म्हणूनच खेळाचे छायाचित्रकार ७०-२०० मिमीची जड आणि महाग एफ २.८ लेन्स खांद्यावर वागवतात. ८५ मिमी एफ १.८ सारखी स्थिर नाभीय अंतराची लेन्स त्या मानाने स्वस्त असते आणि आणखी सव्वा स्टॉप मिळवून देते. मात्र फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर पाच मीटरवरच्या खेळाडूसाठी तिच्यातून जेमतेम ३५-४० सेंमी खोलीचा पट्टा स्पष्ट राहतो. डोळे फोकसमध्ये आले तरी पुढे केलेला हात त्यातून निसटतो.

शटरचे गणित हालचालीच्या वेगावर ठरते. कबड्डीतला चढाईपटू कॅमेऱ्यासमोरून आडवा, सेकंदाला ६ मीटर वेगाने धावला, तर १/६० सेकंदात तो १० सेंमी सरकतो आणि चेहरा पुसल्यासारखा दिसतो. १/५०० ला हे अंतर सव्वा सेंमीवर येते, १/१००० ला ६ मिमीवर. तोच खेळाडू थेट कॅमेऱ्याच्या दिशेने आला तर १/२५० नेही निभावते, म्हणून अशा वेळी बसायची जागा महागड्या लेन्सइतकीच मोलाची ठरते. नवशिक्यांचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय फक्त आपला हात हलण्याचा परिणाम कमी करते. समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही.

उरला आयएसओ. समजा मैदानावर ३२० लक्स उजेड आहे. एफ २.८ आणि १/१००० ठेवायचे तर आयएसओ ६४०० लागतो. त्या चित्रात नॉइज, म्हणजे रवाळपणा, दिसणारच. तो निव्वळ कॅमेऱ्याचा दोष नसतो: प्रकाश कणाकणाने येतो आणि कण कमी आले की त्यांच्या संख्येतला चढउतार त्या मानाने ठळक होतो. तरीही नॉइज पत्करावा आणि धूसरपणा टाळावा, हेच बरोबर. रवाळ चित्र नंतर बरेच सुधारता येते, छापल्यावर तर रवा फारसा खटकतही नाही. चेहऱ्यावरचा हललेला डोळा मात्र कोणत्याही प्रणालीने खऱ्या अर्थाने परत येत नाही. आयएसओला घाबरून चित्र मुद्दाम काळोखे घ्यायचे आणि संगणकावर उजळायचे, यातून सावल्यांमधला नॉइज उलट जास्त उघडा पडतो.

फिल्मच्या काळात हे स्वातंत्र्य नव्हते. कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म १९५४ मध्ये ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी आली. तिची संवेदनशीलता पुढे ४०० गणली गेली. वृत्तछायाचित्रकार ती १६०० समजून वापरत आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून कसर भरून काढत. यालाच ‘पुश’ करणे म्हणतात. १९८८ मध्ये टी-मॅक्स पी३२०० ही आणखी संवेदनशील फिल्म आली. रोल एकदा भरला की ३६ चित्रे संपेपर्यंत तीच संवेदनशीलता, मग सूर्य बुडो की न बुडो. खरी उलथापालथ २००७ च्या निकॉन डी३ या डिजिटल कॅमेऱ्याने केली. त्याच्यामुळे आयएसओ ६४०० हा रोजच्या वापराचा आकडा झाला.

मैदानातल्या कृत्रिम दिव्यांची अडचण निराळी आहे. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/१००० च्या शटरला कळते. सलग घेतलेल्या चित्रांत एक उजळ, दुसरे मंद, तिसऱ्यात पिवळट पट्टा असा प्रकार होतो. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ पासून दिव्याचा शिखरक्षण ओळखून शटर सोडण्याची सोय कॅमेऱ्यांत येऊ लागली. ती नसेल तर १/१०० वर उतरून हालचालीचा तो क्षण पकडावा लागतो जिथे वेग आपोआप संपतो: उडीचा माथा, पकड घट्ट बसल्याचा क्षण, मध्यरेषेकडे सूर मारण्याआधीचा थबका. प्रकाशझोतातल्या कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असते. तेवढा वेळ बटण दाबून ठेवले तर अनेक कॅमेऱ्यांचा बफर (चित्रे तात्पुरती साठवणारी जागा) भरतो आणि नेमकी पकड हुकते. खेळ येणारा छायाचित्रकार इथे पुढे असतो. बचाव करणाऱ्यांची साखळी कोणत्या बाजूने वळणार हे तो कॅमेऱ्याआधी ओळखतो.

प्रकाशाचे मोजमाप मॅन्युअल, म्हणजे स्वतः ठरवलेले, ठेवणे श्रेयस्कर. चौकटीत काळे आकाश आले की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर फसतो आणि शटर मंद करतो. दिव्याचा खांब आला की उलटे होते. ऑटोफोकसलाही प्रकाश आणि रंगछटांतला भेद लागतो. म्हणून कोऱ्या बनियनपेक्षा पाठीवरच्या क्रमांकावर बिंदू ठेवला तर तो लवकर लागतो.

वेग गोठवायचाच, असा मात्र नियम नाही. १/३० च्या आसपास शटर ठेवून धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवला की माणूस बराचसा स्पष्ट राहतो आणि मागची गर्दी रेघांत विरघळते. याला पॅनिंग म्हणतात. छायाचित्रकार एर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजींची रंगीत चित्रे मुद्दाम मंद शटरने घेतली आणि धूसरपणालाच वेगाची भाषा केले.

मुंबई-ठाण्याची दहीहंडी या साऱ्याची परीक्षा घेते. गोपाळकाला पावसाळ्यात येतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या आधीच ढगांनी उजेड खाल्लेला असतो. वरून पाण्याचे फवारे, समोर रंग बदलणारे मंचावरचे दिवे. थर लावण्याची क्रिया सावकाश चालते, १/१२५ पुरते. पण थर कोसळले तर सहा मीटरवरून पडणारा गोविंदा जमिनीजवळ सेकंदाला जवळजवळ ११ मीटर वेग गाठतो. त्यासाठी शटर आधीच १/१००० वर असावे लागते. कोसळायला लागल्यावर बदलायला वेळ नसतो. फ्लॅशचा इथे उपयोग नाही. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथाई होतो आणि नऊ थरांच्या माथ्यापर्यंत तो पोचेतो क्षीण होतो; जवळचे पाण्याचे थेंब मात्र पांढरेशुभ्र उजळतात. शिवाय खालच्या थरांतल्या, खांद्यांवर सगळा भार पेलणाऱ्यांच्या डोळ्यांवर झगझगाट मारणे धोक्याचे आहे आणि ते करू नये.

पश्चिमेकडचे ढग थोडे फाटले तर सातच्या सुमाराला आणखी एक वाट खुली होते. आकाश जमिनीपेक्षा कितीतरी उजळ असते. रस्त्यावर खाली वाकून, आकाशाचे मोजमाप धरले तर १/५०० सहज मिळते. चेहरे काळे पडतात, टी-शर्टांवरची नावे जातात. राहते ती थरांची काळी आकृती, वरच्या एक्क्याचा ताणलेला हात आणि त्याच्या बोटांपासून मडक्यापर्यंत उरलेले वीतभर आकाश.