बोलू दे बॉटला, पण आकडे डेटाबेसचेच हवेत

एअर कॅनडाची केस आठवतेय का? आजी वारली म्हणून एकाने कंपनीच्या चॅटबॉटला सवलतीचं विचारलं, बॉट म्हणाला तिकीट काढा आणि 90 दिवसांत अर्ज करा, आणि कंपनीचा नियम असा की प्रवास झाल्यावर सवलत नाहीच. लवादापुढे कंपनीचं म्हणणं काय, तर बॉट त्याच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे! फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाने ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली.

यावर 'एआयला अजून डेटा द्या, सुधारेल' म्हणणारे लगेच उगवतात. पण बुकिंग वगैरे ठरावीक कामं करणाऱ्या बॉटसाठी एक भारी युक्ती आधीपासून आहे. ट्रेनिंगच्या वाक्यांतली खरी नावं, भाडी, वेळा काढून तिथे नुसत्या रिकाम्या जागा ठेवायच्या. 'हॉटेल-नाव इथे एका रात्रीचे भाडे-रक्कम रुपये' एवढंच मॉडेल शिकतं, खरा आकडा नंतर डेटाबेसमधून भरायचा. शंभर हॉटेलांची वाक्यं एकाच साच्यात बसतात म्हणून डेटा कमी लागतो, आणि मॉडेलला मनाने भाडं ठोकायला वावच राहत नाही.

2015 मध्ये केंब्रिजच्या लोकांनी यात मला सगळ्यात आवडणारी भर घातली. काय काय सांगायचंय त्याची एक यादी, म्हणजे खरं तर आकड्यांची रांग, एलएसटीएम, म्हणजे मागचे शब्द लक्षात ठेवून पुढचा शब्द काढणाऱ्या नेटवर्कच्या आतच ठेवली आणि एक गेट बसवलं, प्रत्येक शब्दागणिक ते गेट ठरवतं की यादीतलं काय सांगून झालं, आणि झालेल्याचा आकडा शून्याकडे नेतं. त्यामुळे पत्ता दोनदा सांगणं किंवा फोन नंबर विसरणं बरंच कमी होतं.

मराठीत मात्र ही युक्ती अडखळते, 'शहर + ला' अशी जागा ठेवली तर कोल्हापूरला ठीक, पण 'पुणेला' आणि 'साताराला' ऐकून कोणीही फोन ठेवेल. इथे सामान्यरूपाचे नियम वेगळे लिहावे लागतात नाहीतर शेवटी अजून एक मॉडेल लावावं लागतं.

आणि ते 'आमचा स्कोअर सगळ्यात जास्त' वाले दावे जरा जपूनच वाचा. ब्लू नावाचं माप 2002 मध्ये भाषांतर तपासायला काढलं, ते फक्त शब्द किती जुळले ते मोजतं, गाडी 5 ची असताना बॉट 6 ची म्हणाला तरी एकच शब्द चुकला. म्हणूनच 2018 च्या मल्टिवॉझ या सुमारे 10,000 संवादांच्या संग्रहावर चाचणी घेताना बॉटने योग्य हॉटेल सुचवलं का, मागितलेली सगळी माहिती दिली का, हेही वेगळं मोजतात.