रेंडर पास आणि ऑब्जेक्ट मास्क: एकाच फोल्डरमधल्या दोन वेगळ्या जाती

थ्रीडी सॉफ्टवेअरमधून रेंडर, म्हणजे दृश्याचं तयार चित्र, निघतो तेव्हा मुख्य चित्रासोबत आणखी दहा-बारा फाइल्स येतात. सगळ्यांचं माप एकच, म्हणून सगळ्यांना सरसकट 'पास' म्हणायची सवय लागते. पण त्यातल्या काही फाइल्समध्ये प्रकाश असतो आणि काहींमध्ये नुसता पत्ता.

रेंडर पास म्हणजे प्रकाशाचा वेगळा काढलेला हिस्सा. डिफ्यूज (पृष्ठभागाचा स्वतःचा रंग), रिफ्लेक्शन (प्रतिबिंब), स्पेक्युलर (दिव्यांची चमक), रिफ्रॅक्शन (काचेतून वाकून येणारा प्रकाश) अशा सगळ्या हिश्श्यांची बेरीज केली की मूळ चित्र परत मिळायला हवं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी लेयरला 'लिनियर डॉज (ॲड)' हा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत, देतात. मात्र हा हिशेब लिनियर डेटावरच जुळतो, म्हणजे प्रकाशाचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या ३२ बिटच्या ईएक्सआर फाइलवर. गॅमा चढवलेले (पडद्यासाठी आकडे उजळवलेले) ८ बिट जेपीजी एकमेकांवर रचले, तर चित्र भगभगीत होतं.

ऑब्जेक्ट मास्क म्हणजे प्रत्येक वस्तूला एकेक सपाट रंग दिलेली फाइल. तिची बेरीज करायची नसतेच. खुर्ची गडद गुलाबी, भिंत पोपटी, दिवा निळा. या सपाट रंगांचा खऱ्या रंगांशी काही संबंध नाही. कोणता पिक्सेल कुणाचा, एवढंच ते सांगतात. फोटोशॉपमधल्या मॅजिक वाँड या निवडीच्या साधनाचं 'कंटिग्युअस' (फक्त सलग भाग निवडणं) बंद करून रंगावर क्लिक केलं की सिलेक्शन तयार. कडांवर मात्र दोन रंग मिसळलेले असतात, तिथे हमखास बारीक किनार उरते. साय-ऑप या स्टुडिओने २०१५ मध्ये आणलेलं क्रिप्टोमॅट हेच दुखणं सोडवतं: पिक्सेलमध्ये कोणत्या वस्तूचा किती वाटा, तेही ते नोंदवून ठेवतं.

खरा फरक कळतो तो रंग बदलताना. समजा, चकचकीत फरशीवर लाल फुलदाणी आहे. मास्कने ती निवडून निळी केली. फुलदाणी निळी झाली, पण फरशीतलं तिचं प्रतिबिंब लालच राहिलं! मास्कचं काही चुकलं नाही. ते पिक्सेल फरशीचेच आहेत. आता रिफ्लेक्शन पास उपयोगी पडतो. त्या लेयरवर प्रतिबिंबापुरता हाताने मास्क रंगवायचा आणि रंग तिथेच फिरवायचा. फरशीचा स्वतःचा रंग डिफ्यूजमध्ये सुखरूप राहतो. बाजूच्या भिंतीवर पडलेली लालसर झाक मात्र जीआय (ग्लोबल इल्युमिनेशन, म्हणजे वस्तूंवरून उसळून आलेला प्रकाश) पासमध्ये शोधावी लागते. ती बहुतेक जण विसरतात, आणि चित्र का खटकतंय ते कळत नाही.

काही फाइल्स दोन्ही घरच्या पाहुण्या. अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतला काळोख दाखवणारी फाइल) दिसतो पासासारखा, पण बेरजेत येत नाही. तो वरून 'मल्टिप्लाय' (गुणाकाराने गडद करणारा ब्लेंड मोड) करतात, आणि माझ्या मते जरा हात आखडूनच करावा. झेड-डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर करड्या छटांत दाखवणारी फाइल) तर पास म्हणून मिळतो आणि मास्क म्हणून राबतो: दूरच्या भागावर धुकं चढवायचं असेल, तर तेच करड्या छटांचं चित्र लेयर मास्कमध्ये चिकटवायचं.