कॅन्सर आतड्यात कुठं आहे ते लिहा की ओ डॉक्टर

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'सीए कोलन' (म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर) एवढंच लिहिलेलं असतं. खाली सही, शिक्का, पुढची तारीख. नातेवाइकांना वाटतं झालं काम, पण तोच कागद मेडिकल कोडिंग करणाऱ्याकडं (म्हणजे बिलासाठी, नोंदीसाठी आजाराला ठरलेला आकडा लावणाऱ्याकडं) गेला की तिथं अडतो, कारण त्याला पहिला प्रश्न पडतो की मोठ्या आतड्यात नेमका कुठं?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतंय, आणि आयसीडी-१० नावाची जी जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आहे त्यात त्याचे तुकडे पाडलेत. सी१८ म्हणजे कोलनचा कॅन्सर. पॉइंटनंतरचा आकडा जागा सांगतो: सुरुवातीच्या पिशवीला म्हणजे सीकमला ०, अपेंडिक्सला १, उजवीकडून वर चढणाऱ्या भागाला २, लिव्हरखालच्या वळणाला ३, आडव्या भागाला ४, प्लीहेजवळच्या वळणाला ५, खाली उतरणाऱ्याला ६, शेवटच्या नागमोडी सिग्मॉइडला ७. दोन भागांवर पसरलाय आणि सुरू कुठनं झाला ते कळत नाही तर ८. आणि डॉक्टरांनी काहीच लिहिलं नसेल तर ९, म्हणजे 'जागा सांगितलेली नाही'. कोडिंग करणाऱ्याला अंदाज लावायची परवानगी नसते, कागदावर नाही म्हणजे नाही. म्हणून एखाद्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये सी१८.९ चा ढीग दिसला तर मी तरी तो कोडरचा दोष मानत नाही, लिहिणाऱ्याचा मानतो.

आता कुणी म्हणेल एका आकड्यानं काय होतंय? होतंय ना. उजवीकडचं आतडं रुंद, आत मळ पातळ, त्यामुळं तिथली गाठ गुपचूप वाढते, रक्त थोडं थोडं झिरपत राहतं आणि माणूस हिमोग्लोबिन कमी म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खात बसतो. डावीकडं जागा अरुंद, तिथं बद्धकोष्ठ, संडासची वेळ बदलणं, रक्त पडणं, कधी थेट अडथळाच. त्याहून खाली गेलं की कोड बदलतो, सिग्मॉइड आणि रेक्टमच्या (गुदाशयाच्या) सांध्याला सी१९, रेक्टमला सी२०, आणि इथं उपचारच वेगळे होतात: रेक्टमला ऑपरेशनआधी बऱ्याचदा रेडिएशन देतात, कोलनला ते क्वचितच. रेक्टम गुदद्वारापासून वर साधारण १५ सेंटीमीटरपर्यंत धरतात, म्हणून स्कोपीच्या (आत कॅमेरा घालून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर गाठ किती सेंटीमीटरवर दिसली ते लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं.

सोलापुरातनं सायन्स, फार्मसी करून पुण्या-हैदराबादला कोडिंगच्या जॉबला गेलेली पोरं आता बऱ्याच घरांत सापडतील, ती अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचतात. तिथला एक नियम ऐकण्यासारखा आहे. ओपीडीच्या कागदावर 'कॅन्सरची शक्यता' असं लिहिलं असेल तर कॅन्सरचा कोड लावायचाच नाही, लक्षणाचा लावायचा, म्हणजे रक्त पडतंय तर रक्त पडण्याचा. बायोप्सी येईपर्यंत कुणाच्या नावावर कॅन्सर चढवायचा नाही. दुसरी भानगड 'हिस्टरी ऑफ' या शब्दांची. गाठ काढली, उपचार संपले, आजार दिसत नाही, तर कोड झेड८५ मध्ये जातो, पूर्वी कॅन्सर होता एवढाच. पण केमो चालू असताना कुणी सवयीनं 'हिस्टरी ऑफ सीए कोलन' लिहिलं तर कागदावर पेशंट बरा होऊन बसतो आणि केमोचं बिल कशाला म्हणून विम्याचा क्लेम परत. तसंच लिव्हरमध्ये पसरलेला कोलनचा कॅन्सर हा लिव्हरचा कॅन्सर नाही, तो सी७८.७, आणि मूळ जागेचा कोड सोबत पाहिजेच.

हे सगळं फक्त बिलासाठी असतं असं समजू नका. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी (म्हणजे त्या भागातल्या प्रत्येक कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणं) सुरू झाली. शहरातली नोंदणी हॉस्पिटलं आणि लॅबच्या कागदावर चालते, पण गावात कागदच नसायचा, म्हणून बार्शीची माणसं गावोगाव जाऊन लोकांशी बोलून संशयित पेशंट शोधायची. (आजसुद्धा मला हे काम भारी वाटतं.) नोंदणीत दोन गोष्टींचे कोड पडतात, जागा कुठली आणि पेशी कसल्या. नेहमीच्या अॅडेनोकार्सिनोमाला (ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरला) ८१४०/३, त्यातला तिरक्या रेघेनंतरचा ३ म्हणजे घातक. जागच्या जागी असलेल्याला २, साध्या गाठीला ०.

आणि खरी डोकेदुखी पुढं आहे. समजा बायोप्सी सोलापुरात, ऑपरेशन बार्शीला, केमो पुण्यात. तीन फायली. नोंदणीत माणूस एकदाच मोजायचा, तेही तो राहतो त्या ठिकाणचा म्हणून. इकडं तर विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवकडचे पेशंट येतात, घरात कुणी कन्नड बोलतं कुणी तेलुगू, एकाच नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं, आणि पत्ता विचारला की भाचीच्या घरचा देतात कारण मुक्काम तिथं आहे. मग एक माणूस तीनदा मोजला जातो, नाहीतर कर्नाटकातला माणूस सोलापूरच्या खात्यात.

मृत्यूच्या दाखल्यावर तर हद्दच. कारण म्हणून 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. अहो, हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. त्या फॉर्मवर एकाखाली एक ओळी असतात, आणि मूळ आजार सगळ्यात खालच्या ओळीत लिहायचा असतो, मोजणी त्याचीच होते. ती ओळ कोरी राहिली की सिग्मॉइडच्या कॅन्सरनं गेलेला माणूस हृदयविकाराच्या आकड्यात जाऊन बसतो.

घरात असा पेशंट असेल तर डिस्चार्जच्या दिवशी गडबडीत निघू नका. स्कोपीचा रिपोर्ट, बायोप्सी, ऑपरेशनची नोट आणि काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट वेगवेगळा मागून घ्या, त्यात जागा, स्टेज आणि किती लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासले ते बघा (निदान १२ तपासावेत असं मानतात). कार्डावर फक्त 'सीए कोलन' असेल तर तिथंच थांबून जागा लिहून घ्या. आणि पॅथॉलॉजीचा मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात तो) कुठं ठेवलाय तेही विचारून ठेवा, कारण पुढं केमो बदलायची वेळ आली तर जीनच्या तपासण्या त्याच ब्लॉकमधनं करता येतात.